चिठ्ठी आधी, चर्चा मग : कणा आणि हातपाय तपासायला शिकतानाच्या नोंदी

४ नोव्हेंबर

फिजिओच्या इंटर्नशिपचे दोन महिने संपले आणि आज कळलं की मला माणसाची कंबर सापडत नाही. ओपीडीत मॅडम म्हणाल्या, "एल-४ वर, कमरेच्या चौथ्या मणक्यावर, बोट ठेव." ठेवलं. मग माझ्यासोबतच इंटर्न असलेल्या रूममेटला बोलावलं, "आता तू ठेव." तिचं बोट माझ्या बोटाच्या चांगलं तीन सेंटिमीटर खाली. पेशंट पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "ठरवा बापा दोघी मिळून, मी हाओ इथंच."

चार वर्षं अ‍ॅनाटॉमी पाठ केली. हाडाच्या कोणत्या खाचेतून कोणती नस जाते ते झोपेत सांगेन. पण कातडीवरून तेच हाड शोधायची वेळ आली की बोटं आंधळी होतात.

संध्याकाळी नागपुरात बजाजनगरच्या खोलीवर तर्री पोहे खात ठरवलं. उरलेल्या चार महिन्यांतले निदान दोन यासाठी द्यायचे. पद्धत साधी आहे. एकच माणूस दोघींनी वेगवेगळा तपासायचा, एकमेकींना न सांगता चिठ्ठीवर लिहायचं आणि मगच चिठ्ठ्या उघडायच्या. ओपीडीतला पेशंट असेल तर मॅडमसमोर आणि त्याला विचारूनच, नाहीतर घरची माणसं. एमआरआयचं पाकीट आधी उघडायचं नाही. ही शेवटची अट माझी. रूममेटला ती वेडेपणाची वाटते.

सामान : सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर कॉलेजचा आहेच. मेडिकल चौकातल्या सर्जिकल दुकानातून रिफ्लेक्स हॅमर घेतला, इतवारीतून शिंप्याचा टेप. खुणेसाठी काजळाची पेन्सिल, कारण स्केच पेन पाठीवरून दोन दिवस निघत नाही.

८ नोव्हेंबर

चार दिवस नुसत्या पाठी चाचपल्या. शेजारच्या काकू, मेसवाला दादा, कॉलेजचे ज्युनियर, जो हो म्हणेल तो.

पुस्तकात सगळं सोपं असतं. दोन्ही कुल्ह्यांच्या हाडांचे माथे जोडणारी रेघ ओढा, ती एल-४ च्या आसपास कणा ओलांडते. घोळ माथ्यावर होतो. मी हात कमरेच्या बाजूला ठेवते तेव्हा हाडाआधी मांस आणि चरबी लागते आणि हात तिथेच थांबतो. मग रेघ वर सरकते आणि मी एल-३ ला एल-४ म्हणून मोकळी होते. मॅडमनी माझ्या तळव्याची कड धरून आत आणि खाली दाबली, टणक कड लागेपर्यंत. "हाड लागलं की थांब. लागल्यासारखं वाटलं की थांबू नको."

मानेचं मात्र पटकन जमलं. मानेच्या पायथ्याशी दोन मणके वर आलेले दिसतात आणि त्यातला सी-७, म्हणजे मानेचा सातवा, कोणता ते कळत नाही. दोन्हींवर एकेक बोट ठेवायचं आणि मान मागे न्यायला सांगायची. वरचा, म्हणजे सी-६, बोटाखालून आत सटकतो. सी-७ जागचा हलत नाही. पहिल्यांदा तो सटकला तेव्हा मी ओरडलेच. काकू घाबरल्या.

दहा पाठींच्या चिठ्ठ्या. सहामध्ये आमच्या दोघींच्या खुणा एकाच मणक्यावर, चारमध्ये नाहीत.

१२ नोव्हेंबर

थंडी सुरू झाली. माझे हात बर्फासारखे. सकाळच्या पहिल्या पेशंटच्या पाठीला हात लावला तर सगळी पाठ दगड झाली, आणि मी चिठ्ठीवर लिहिलं : "स्पाझम", म्हणजे स्नायूंची आखड. रूममेटनं चहाचा कप धरून आलेल्या हातानं तपासलं आणि लिहिलं : "स्पाझम नाही". आजपासून थर्मास सोबत.

१५ नोव्हेंबर

शोबर टेस्ट, म्हणजे कंबर स्वतः किती वाकते ते टेपनं मोजायचं. पाठीवर खाली जे दोन खळगे दिसतात त्यांच्या पातळीवर मधोमध एक खूण, तिच्या १० सेंमी वर दुसरी, ५ सेंमी खाली तिसरी. वरची आणि खालची यांत उभ्यानं अंतर १५. मग गुडघे न वाकवता पुढे वाकायला लावायचं. निरोगी कमरेत ते अंतर निदान २० पर्यंत तरी जातं. मूळ टेस्ट १९३७ सालची, खालची ५ सेंमीची खूण नंतर जोडली गेली.

हे सगळं करायचं कशाला, वाकून बोटं जमिनीला लागतात का बघितलं की झालं, असं मला आजवर वाटायचं. आज पंचविशीतला एक मुलगा आला. सकाळी उठल्यावर तासभर कंबर आखडलेली, हिंडलं-फिरलं की सुटते, आराम केला की उलट वाढते. वाकला तर बोटं सहज जमिनीला. मी चिठ्ठीवर "फ्लेक्शन पूर्ण", म्हणजे पुढे वाकणं पूर्ण, असं लिहिलं. रूममेटनं टेप लावला होता : १५ चे १७. हा मुलगा सगळा खुब्यातून वाकत होता, कंबर फळीसारखी सरळ. बाजूनं बघितलं असतं तर टेपशिवायही कळलं असतं, पण मी त्याच्या मागे उभी राहून बोटांकडे बघत होते.

मॅडमनी व्यायाम सुरू केला नाही. आधी संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पंचविशीत, सकाळची आखड, हालचालीनं बरं वाटणं, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, कणा आखडवणारा संधिवात, आहे का ते बघायलाच हवं.

२१ नोव्हेंबर

आंबिया बहाराची संत्री आलीत, कळमना मार्केट भरलंय आणि आमच्या ओपीडीत कंबरा. आजचे दादा पेट्या चढवण्याचं काम करतात. "पेटी उचलली अन् कमरेत कचकन झालं. आता पायात करंट मारते, पार अंगठ्यापर्यंत."

स्ट्रेट लेग रेझ, म्हणजे एसएलआर : उताणं झोपवून सरळ पाय वर उचलायचा. पुस्तकांत लासेग या फ्रेंच डॉक्टरचं नाव असतं, पण त्यानं ही टेस्ट स्वतः कधी लिहून ठेवली नाही. त्याच्या विद्यार्थ्यानं, फोर्स्टनं, १८८१ च्या प्रबंधात लिहिली, आणि त्याच्या एक वर्ष आधी लाझारेविच नावाच्या सर्बियन डॉक्टरनं लिहिलेली होतीच. हे मला वायवाला, तोंडी परीक्षेत, विचारलं होतं आणि आलं नव्हतं, म्हणून आता मरेपर्यंत लक्षात राहणार.

पाय वर नेला की सगळ्यांनाच मांडीच्या मागे ताण बसतो. रूममेटला ५० अंशांवरच बसतो, ती सकाळ-संध्याकाळ स्कूटीवर असते. तो ताण हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंचा. नसेचा असेल तर ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पेशंटची स्वतःची ओळखीची कळ गुडघ्याखाली उतरते. मग पाय थोडा खाली घेऊन, कळ थांबली की पाऊल वर वळवायचं. कळ परत आली तर नस, कारण पावलाच्या हालचालीनं हॅमस्ट्रिंग ताणलं जात नाही. विचारायचं "दुखतं का" असं नाही, तर "हेच का तुमचं दुखणं" असं. आणि नजर पायावर नाही, चेहऱ्यावर. दादा "नाही दुखत" म्हणत होते आणि कपाळावर आठ्या.

दुखरा पाय डावा, म्हणून मी आधी उजवा उचलला. ४० अंशांवर दादा डावी मांडी धरून ओरडले. बऱ्या पायानं आजारी पाय बोलला. क्रॉस्ड एसएलआर. कमी पेशंटमध्ये सापडते, पण सापडली की डिस्कनं, म्हणजे मणक्यांमधल्या चकतीनं, नस दाबलीय हे जवळपास धरून चालायचं. मी इतकी खूश झाले की चिठ्ठी उघडायच्या आधीच मॅडमकडे धावले.

मॅडमनी एवढंच विचारलं, "लघवी-संडासचं विचारलं?"

नव्हतं विचारलं. लघवी अडते का, नकळत होते का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का. कण्याच्या खालच्या टोकाशी नसांचा सगळा जुडगा दाबला गेला तर व्यायामाचं काम नाही, तासांचा हिशोब असतो, थेट सर्जनकडे. मला माहीत होतं. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला मी हे कसं विचारू, म्हणून जीभ रेटली नाही. मॅडमनी परत पाठवलं. विचारलं. दादांनी सरळ सांगितलं, "नाही पोरी, ते सगळं बरोबर आहे." लाज फक्त मला होती.

वहीत पहिल्या पानावर लाल पेननं लिहिलं, एसएलआरच्याही वर.

२ डिसेंबर

आज भांडण झालं, म्हणून सविस्तर.

पन्नाशीचे काका, सोबत मुलगा, मुलाच्या काखेत ते मोठं पांढरं पाकीट. बसायच्या आधीच, "मॅडम, एमआरआय आहे ना." आमच्याकडे अर्धे पेशंट स्वतःआधी फिल्म पुढे करतात. मी नियमाप्रमाणे पाकीट बाजूला ठेवलं. तपासलं, चिठ्ठी घडी करून खिशात.

रूममेट तपासायला गेली तेव्हा मुलानं तिच्यासमोर रिपोर्टच उघडून धरला. आता डोळे मिटून घेणार का, असं ती नंतर म्हणाली. रिपोर्टमध्ये होतं : एल-४-५ ला डिस्कचा फुगवटा, डाव्या बाजूला जास्त.

चिठ्ठ्या उघडल्या. माझी : उजव्या पायाचा अंगठा वर उचलायची ताकद ४, डाव्याचा ५. तिची : उजवा ५, डावा ४.

एमएमटीचा, म्हणजे हातानं दाबून स्नायूची ताकद मोजण्याचा, घोटाळा इथेच आहे. ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे स्नायू फुरफुरतो, २ म्हणजे गुरुत्वाकर्षण वगळून हालचाल, ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध. इथपर्यंत दोन माणसांत वाद होत नाही. ४ (थोडा दाब पेलतो) आणि ५ (पूर्ण दाब पेलतो) यांतला फरक मात्र तपासणाऱ्याच्या मनगटात असतो. मी किती जोर लावते, कधी सोडते, सोडताना माझ्या डोक्यात काय आहे.

"मला खरंच डावा कमी लागला," ती म्हणाली. खोटं बोलत नव्हती. डोक्यात "डावा" शिरला होता आणि हातानं तो शोधून दिला. मी म्हटलं, म्हणूनच पाकीट उघडायचं नाही. ती म्हणाली, तुझा उजवा बरोबर कशावरून? तोही मुद्दा होताच. काकांनी येताच उजव्या पायाला हात लावून दाखवला होता, म्हणजे माझ्याही डोक्यात "उजवा" शिरलेला होता.

मॅडम वाद मिटवत बसल्या नाहीत. काकांना चप्पल काढून टाचांवर चालायला लावलं, ओपीडीच्या दारापासून खिडकीपर्यंत. आम्हाला समोर उभं केलं. डावा अंगठा छताकडे. उजवा चौथ्या पावलापासून हळूहळू खाली यायला लागला, खिडकीपाशी पार झुकला. मग खाटेवर दोन्ही अंगठे एकाच वेळी वर करायला सांगून दोन्हींवर एकत्र दाब दिला. उजवा आधी सुटला. म्हणजे अंगठा उचलणारी एल-५ नस उजवीकडची, फिल्म काहीही म्हणो. ज्यांना अजिबात दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्येही डिस्क फुगलेली दिसते, हे तर आम्ही लेक्चरमध्ये लिहून घेतलं होतं.

जाता जाता आणखी एक शिकलो. एस-१ नसेसाठी, म्हणजे पोटरीसाठी, हातानं दाबून बघणं फुकट. ती पूर्ण शरीर उचलते, माझ्या मनगटाला काय भीक घालणार. एका पायावर उभं करून टाच दहा वेळा उचलायला लावायची.

रूममेट रात्री जेवताना बोलली नाही. झोपताना म्हणाली, "उद्यापासून पाकीट मीच लपवते."

७ डिसेंबर

काटोलला घरी. आजी गेली दोन वर्षं ढुलत चालते. "वय झालं," असं घरी सगळ्यांनी ठरवून टाकलंय.

आधी टेप. कुल्ह्याच्या हाडाचं पुढचं टोक, एएसआयएस, तिथून आतल्या घोट्याच्या खालच्या टोकापर्यंत. उजवा ७९, डावा ८१. दोन सेंटिमीटर! मी फोटो काढून रूममेटला पाठवणार तेवढ्यात आजी म्हणाली, "काऊन वं पोरी, सलवार शिवून राह्यली का माह्यासाठी?" आणि हसताना हलली. तेव्हा दिसलं की ती मुळात तिरकी झोपली होती. कंबर सरळ केली, दोन्ही एएसआयएस एका रेषेत आणले, दोन्ही पाय सारख्याच कोनात ठेवले. आता ८०.५ आणि ८१. म्हणजे काहीच नाही. टेपचं टोक हाडाच्या खालच्या कडेत अडकवून नाही धरलं तर कातडीबरोबर एवढं तर सरकतंच.

मग खुब्याची आखड शोधणारी थॉमस टेस्ट. आजीच्या कमरेखाली माझा हात, डावा गुडघा छातीशी. कमर खाटेला टेकून माझा हात दाबला गेला आणि उजवी मांडी आपसूक वर उठली. आधी पाय सरळ दिसत होता, कारण कंबर कमानीसारखी वर उचलून आजीनं खुब्यातली आखड लपवली होती. तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

मग उभं राहून ट्रेंडेलेनबर्ग, म्हणजे एका पायावर उभं करून खुब्याची ताकद बघायची. उजव्या पायावर उभी केली की डावा कुल्हा खाली पडतो. चिठ्ठीवर लिहिलं : "डावी बाजू कमजोर." रूममेट सोबत नव्हती, तपासायला कोणी नाही. रात्री अंथरुणात लक्षात आलं की उलटं लिहिलं. ज्या पायावर उभी आहे त्याच खुब्याचे स्नायू पलीकडचा कुल्हा धरून ठेवतात. डावा पडला म्हणजे उजवा दमला. उठून दिवा लावून खोडलं. बाबांना सांगितलं, उजव्या खुब्याचा एक्स-रे काढू. वय सगळ्या अंगाला सारखंच होतं, एकाच खुब्याला नाही.

१३ डिसेंबर

विधानसभेचं अधिवेशन, सीताबर्डीकडचे रस्ते बंद, पाऊण तास उशीर. आल्या आल्या समोर एकोणीस वर्षांचा मुलगा, गडचिरोलीहून आलेला, उजवा गुडघा दुखतो.

गुडघ्याचं मी परवाच घोटलं होतं. लॅकमन ही गुडघ्याच्या आतल्या बंधाची टेस्ट करताना माझे हात लहान आणि मांडी मोठी, तर मांडीखाली स्वतःचा गुडघा टेकवायचा, म्हणजे गुडघा २०-३० अंशांत आपोआप वाकून स्थिर राहतो. ही युक्ती दाखवायची मला घाई. लॅकमन, ड्रॉवर, मॅकमरे, वाटीभोवती पाणी, सांध्याची रेघ बोटानं दाबून, सगळं केलं. वीस मिनिटं. चिठ्ठी : "गुडघा नॉर्मल. वेदना पेशंट वाढवून सांगतो?"

रूममेटनं दोन मिनिटं घेतली. मुलाला उताणं झोपवून गुडघा आणि खुबा ९० अंशांत वाकवले आणि पाऊल बाहेर नेलं, म्हणजे खुब्याची आतली फिरकी. डावीकडे सहज फिरला. उजवीकडे जागच्या जागी अडला आणि मुलाचा श्वासही. तिची चिठ्ठी : "खुबा. सिकल विचारा."

विचारलं. आहे. लहानपणापासून.

विदर्भात हे विचारल्याशिवाय तरुण मुलाचा खुबा तपासणं पूर्णच होत नाही. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात वाकड्या झालेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्या बुजवतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त आधीच बेताचं, ते थांबलं की हाड आतून मरतं. आणि खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, कारण दोन्हीकडे शाखा देणारी नस एकच. ज्युनियरना आम्ही हे शिकवतो, "दुखऱ्या सांध्याच्या वरचा आणि खालचा सांधा बघा."

ते प्रश्नचिन्ह असलेलं वाक्य मी खोडणार होते. रूममेट म्हणाली, राहू दे वहीत. राहिलं आहे.

२४ डिसेंबर

हात आणि खांदे. भराभर झाले, कारण मधुमेह असलेल्या पाच काकू आणि पाचहींचा खांदा गोठलेला. "हात वर जातो का" असं विचारलं की सगळ्या खांदा उचकून, कंबर वाकवून नेतातच वर. "ब्लाउजचा हूक लागतो का? वेणी घालता येते का?" असं विचारलं की खरं बाहेर येतं. कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर फिरवायचा, आधी त्यांनी, मग मी. मी फिरवला तरी तिथेच अडतो आणि शेवटी चामड्यासारखा ताण लागतो, तर गोठलेला खांदा. मी फिरवल्यावर पुढे जात असेल तर स्नायूबंध बघायचे. हा चामड्याचा ताण पुस्तकात वाचून कळत नाही. आजी कणकेत बोट रुतवून पाणी घालायचं की नाही ते ठरवते, त्या जातीचं आहे हे.

रिफ्लेक्स, म्हणजे ठोकल्यावर स्नायूला आपोआप बसणारे झटके, तपासणं अजून कच्चं. हॅमर मी खिळा ठोकल्यासारखा धरते. टोकाशी सैल धरून पडू द्यायचा. टाचेचा रिफ्लेक्स येत नसेल तर पेशंटला दोन्ही हातांची बोटं अडकवून ओढायला सांगायचं आणि त्याच क्षणी मारायचं. एका आजोबांचा "अनुपस्थित" असा लिहिलेला रिफ्लेक्स या युक्तीनं टुणकन आला.

५ जानेवारी

आजीचा एक्स-रे आला. उजव्या खुब्यात झीज. ऑर्थोला दाखवून झालं, काठी सुरू. काठी डाव्या हातात धरायची हे पटवण्यात माझा अख्खा रविवार गेला.

११ जानेवारी

एल-४ चा हिशोब बाकी होता. चिठ्ठ्यांवरून दोघींच्या खुणा जुळतात की नाही एवढंच कळतं. बरोबर कोण, ते सांगणारं कोणी नव्हतं. यासाठी एक्स-रे काढणं चूक.

रूममेटचा दादा भूलशास्त्र शिकतोय. मणक्यात सुई घालायची म्हणून त्यालाही हीच कुल्ह्यांची रेघ लागते, आणि त्याची चूक आमच्यासारखी चिठ्ठीत राहत नाही. मोठ्या माणसात मज्जारज्जू साधारण एल-१ ते एल-२ पर्यंत येतो, म्हणून सुई त्याच्या खालीच हवी. त्याच्या विभागात, हातानं जागा सापडत नाही अशा पाठीला सोनोग्राफी लावून मणके मोजतात. मशीन नोंदलेल्या जागेवरून हलवता येत नाही (गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा), म्हणून त्याच्या सिनियरची परवानगी घेऊन आम्हीच तिकडे गेलो. पाठी पाच : दादा आणि चार ज्युनियर.

आधी काजळाच्या खुणा. माझी आडवी, तिची उभी, मधे टॉवेल धरून. मग प्रोब. माकडहाडाच्या वरचा त्रिकास्थीचा भाग पडद्यावर सलग पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. रेघ जिथे तुटते ती एल-५ आणि एस-१ मधली फट. तिथून वर मोजत जायचं.

पाचपैकी तीन पाठींवर आमच्या खुणा एकमेकींवर बसल्या होत्या, छान अधिकचं चिन्ह झालं होतं. त्या तीनपैकी दोन एल-३ वर निघाल्या. दोघी मिळून, अगदी एकमतानं चूक. जिथे जुळलं नाही त्या दोन पाठींवर एकदा ती बरोबर, एकदा मी.

रूममेट म्हणाली, "नोव्हेंबरमधल्या त्या सहा जुळलेल्या चिठ्ठ्यांचं काय मग?"

त्या चिठ्ठ्यांपुढे पेन्सिलनं "तपासायचं" असं लिहिलं. उद्यापासून रेघ ओढून झाली की खालूनही मोजायचं. पाठीच्या त्या दोन खळग्यांपासून, ती एस-२ ची (त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्याची) पातळी धरून, वर. दोन्ही वाटांनी एकाच मणक्यावर पोचलो तरच खूण. वहीत त्यासाठी नवा रकाना आखला. काजळाची पेन्सिल संपली, दोन आणायच्या आहेत.